लिंबापर्यंत आमचं

"साहेब, आता दिसंल ना?"

हौसाबाई विचारत होत्या. काम वेळेत उरकल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांच्या मागे कडुलिंब आडवा पडला होता. फांद्या छाटून झाल्या होत्या. खोडाचे तुकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढत होते आणि जिथे झाड उभं होतं तिथे जेसीबी बुंधा उपटून काढत होता.

सकाळचे सव्वानऊ झाले होते. अकराला ड्रोन उडणार होता. मी अजून मोटारसायकलवरून उतरलोही नव्हतो.

"काय दिसेल, मावशी?"

"घर. तुमच्या ड्रोनला. तुमीच तं म्हन्ले परवा, झाडाखालचं दिसत न्हाई म्हनून."

मी गाडी स्टँडला लावली. ती नीट लागली नाही, आडवी झाली. कुणीतरी उचलून दिली. तेवढ्या वेळात काहीतरी उत्तर सुचेल असं वाटलं होतं.

"दिसेल," मी म्हणालो.

मी मोजणीखात्यातला माणूस. भूकरमापक हे पदाचं नाव, पण ते कुणाच्या तोंडात बसत नाही. गावोगावी आम्हाला 'मोजणीवाले साहेब' म्हणतात. मूळचा सोनईकडचा, म्हणजे कॅनॉलच्या पाण्याचा आणि उसाचा भाग. नोकरीची शेवटची वर्षं मात्र पाथर्डी तालुक्यात काढली, जिथे झाड दिसलं की माणूस आधी त्याखाली थांबतो आणि मग कामाचं बोलतो. ही हकिगत तिसगावपासून थोडं आत असलेल्या एका गावाची. गावाचं नाव सांगत नाही. तिथे मला अजून चहा मिळतो.

आधी आमचं काम काय होतं ते सांगतो. शेतजमिनीची मोजणी इंग्रजांनीच करून ठेवली. प्रत्येक तुकड्याचा नकाशा आहे, सातबारा आहे, बांध कोरला तर भांडायला कागद आहे. पण जिथे घरं आहेत त्या जागेला, म्हणजे गावठाणाला, बहुतेक गावांत नकाशाच नव्हता. सरकारला सारा शेतीतून मिळायचा, घरांशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्यामुळे कुणाचं अंगण कुठपर्यंत हे फक्त गावाच्या तोंडी होतं. 'त्या उकिरड्यापर्यंत त्यांचं', 'ह्या दगडापासून ह्यांचं', असं. आणि एक सांगतो, तीन पिढ्या हे बऱ्यापैकी चाललं.

मग ड्रोन आला. वरून गावाचे फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर जोडायचे, त्यावरून नकाशा करायचा आणि प्रत्येक घराला मिळकत पत्रिका द्यायची, म्हणजे घराच्या जागेचा सातबाराच म्हणा. चांगलीच योजना. ज्यांच्या नावावर आयुष्यात कधी कागद नव्हता त्यांना कागद मिळणार होता. ह्यात माझा काही वाद नाही.

ह्या कामातली एक गंमत बाहेरच्या माणसाला माहीत नसते. ड्रोनला हद्द कळत नाही. त्याला घर दिसतं, रस्ता दिसतो, पण मोकळ्या जागेत तुमचं कुठे संपलं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू झालं हे त्याला कोण सांगणार? त्यासाठी चुना. ड्रोन येण्याआधी प्रत्येकाने आपल्या हद्दीवर चुन्याची पांढरी रेघ मारायची. आकाशातून ती रेघ स्पष्ट दिसते आणि नकाशावर तीच हद्द म्हणून उतरते. एवढं मोठं यंत्र, लाखमोलाचा कॅमेरा, आणि सगळी भिस्त घमेलंभर चुन्यावर. रेघ मारताना आमचा माणूस तिथे हजर पाहिजे, असा नियम आहे.

आणि जे वरून दिसतच नाही त्याचं काय? झाडाखालचं घर, पुढे आलेल्या पत्र्याखालची पायरी? त्यासाठी नकाशाचा पहिला प्रिंट निघाला की आम्ही तो घेऊन परत गावात जातो आणि टेप लावून राहिलेलं मोजतो. ह्याला जागेवरची पडताळणी म्हणतात. म्हणजे झाडाखालचं घर नकाशातून गळत नाही. फक्त महिनाभर उशिरा येतं. हे मला गावाला सांगायचं होतं.

सभा ड्रोनच्या दोन दिवस आधी झाली. ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये बसलो असतो तर सगळे भाजून निघालो असतो, म्हणून ग्रामसेवक जाधव मॅडमनी सभा हौसाबाईंच्या लिंबाखाली घेतली. गावात काहीही असलं की लोक तिथेच जमायचे. हौसाबाईंच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्या वर्षी हे रोप लावलेलं. वस्तीला तेव्हा विहार नव्हता, पहिली बरीच वर्षं वंदना ह्याच झाडाखाली झाली. पुढे विहार बांधला गेला पण जयंतीच्या आदल्या दिवशीची बैठक लिंबाखालीच राहिली. हौसाबाईंचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रा, सगळं त्या झाडाच्या सावलीत. नवरा वारलेला, मुलगा चाकणला कंपनीत. दारापुढे वीसेक फुटांचं अंगण आणि अंगणाच्या टोकाला लिंब. लिंबाच्या पलीकडे बाळासाहेबांची जागा. बाळासाहेब म्हणजे बागायतदार नाही पण जेसीबीचा मालक, आणि पाथर्डी तालुक्यात ते बागाईतापेक्षा बरं.

सभेत मी चुन्याचं सांगितलं, पत्रिकेचं सांगितलं. हौसाबाईंनी स्वतः मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मग मागून कुणीतरी विचारलं, "साहेब, झाडाखाली घर आसंल तं?"

"ड्रोन वरून फोटो काढतो," मी म्हणालो. "पानात डोकं घालून बघत नाही. झाडाखालचं त्याला दिसणार नाही." लोक हसले. मला जरा बरं वाटलं. सभेत हशा मिळाला की मला नेहमीच बरं वाटायचं.

ह्याच्या पुढचं मी सांगितलं, की नंतर टेपने मोजू. निदान पुढचे कित्येक आठवडे मी हेच धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी माझं ते वाक्य व्हॉट्सॲपवर फिरत होतं. कुणीतरी सभेत पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'मोजणी अधिकाऱ्यांचा खुलासा, झाडाखालची घरं नकाशातून गायब!' त्या दिवशी दुपारभर मी मोठ्या साहेबांच्या व्हीसीत बसलो होतो. व्हीसी म्हणजे साहेब पडद्यावर ओरडतात आणि आपण आवाज बंद करून मान डोलावतो. किती गावं झाली, किती राहिली, तुमचा तालुका यादीत शेवटून दुसरा का. फोन बाजूला उलटा ठेवला होता. संध्याकाळी पाहिला तर हौसाबाईंचे सहा मिस्ड कॉल. म्हटलं, उद्या जायचंच आहे, समोरच बोलू.

आणि समोर गेलो तेव्हा झाड आडवं होतं.

"कापलं कुणी?" मी विचारलं.

"बाळासाहेबानं मदत केली," हौसाबाई म्हणाल्या. "म्हन्ला, काकू, येवढ्यासाठी तुमचं घर ऱ्हाईल नकाशातून. मी काढून देतो, मशीन माझीच हाय, एक रुपया देऊ नका. तुमाला फोन लावला हुता, साहेब. तुमी उचलला न्हाई."

बाळासाहेब जेसीबीजवळ उभे होते. त्यांनी मला हात केला. "साहेब, बुंधापन काढून टाकतो. नायतर पुन्हा फुटंल."

मी त्याच वेळी हौसाबाईंना सांगायला हवं होतं की मावशी, ह्याची काही गरज नव्हती. पण झाड तर पडलेलं होतं. आता सांगून त्यांना काय मिळणार, असं मी स्वतःशी म्हणालो. हे कारण तेव्हा मला माणुसकीचं वाटलं होतं. आता वाटतं, मी फक्त घाबरलो होतो.

तेवढ्यात फोन आला. ड्रोनचा नारळ फोडायला तालुक्यातले एक पुढारी येणार होते आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, शाळेच्या मैदानावर, हजर पाहिजे होतो. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. अकराचे साडेबारा झाले. हार, नारळ, भाषण. भाषणात आपलं गाव आता थेट आकाशातून जगाच्या नकाशावर वगैरे. ड्रोनला हळदीकुंकू लावलं, ते कॅमेऱ्याच्या काचेवर गेलं, ड्रोनवाल्या पोराने रुमालाने पुसलं. मग तो उडाला. लोकांनी हात हलवले. मीही हलवला, का ते माहीत नाही.

हौसाबाईंच्या अंगणात मी त्या दिवशी परत गेलोच नाही.

तीन आठवड्यांनी नकाशाचा प्रिंट आला. मी तो टेबलावर पसरला आणि पहिल्यांदा तेच घर शोधलं. घर दिसत होतं, पत्र्याचा तुकडान् तुकडा. आणि घराच्या दारापासून जेमतेम चार फुटांवर एक चुन्याची रेघ, सरळ, जाडजूड, अंगणाच्या आडवी. रेघेच्या पलीकडचं सगळं बाळासाहेबांच्या जागेत धरलेलं. नारळ फुटायची वाट बघत सगळं गाव मैदानावर उभं होतं त्या दीड तासात कुणीतरी शांतपणे चुना मारला होता. आमचा माणूस, म्हणजे मी, हजर नव्हतो.

पडताळणीला गेलो तेव्हा टेप काढली आणि हातात तशीच राहिली.

"लिंबापर्यंत आमचं," हौसाबाई म्हणत होत्या. "सगळ्या गावाला ठावं हाय. सासऱ्यानं आपल्या जागंच्या कडंला लावलेला. इचारा कुनालाबी."

"लिंब कुठंय, काकू?" बाळासाहेबांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. अगदी काळजीने विचारल्यासारखं.

लिंब नव्हता. बुंधा नव्हता, खड्डासुद्धा नव्हता. वर मुरूम टाकून रोलर फिरवला होता. आमच्या धंद्यात जुनं झाड म्हणजे हद्दीची सगळ्यात भरवशाची खूण. दगड हलवता येतो, बांध कोरता येतो, पण सत्तरीला आलेला लिंब रात्रीतून चार फूट सरकत नाही. जुन्या नकाशांवर आमच्या आधीच्या लोकांनी झाडं मुद्दाम दाखवून ठेवलीत ती त्याचसाठी. हौसाबाईंनी आपलं घर दिसावं म्हणून आपला पुरावाच कापून घेतला होता, आणि तो कशानं, तर माझ्या वाक्यानं.

मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं. एक म्हणाले, झाड हुतं खरं, पन नेमकं कुठं ते आता ध्यानात न्हाई. दुसरे म्हणाले, नजर अधू झाली. तिसऱ्यांनी मला चहाला नेलं आणि घरात म्हणाले, "साहेब, बाळासाहेबाचा भाऊ उभा ऱ्हातोय. आमाला ह्याच गावात ऱ्हायाचंय." ज्या झाडाखाली सगळ्यांची बैठक व्हायची ते झाड कुठे होतं हे गावाला आठवेनासं झालं. महिन्याभरात.

वस्तीतले लोक बोलले, ठामपणे बोलले. पण ते 'तिच्याच बाजूचे' म्हणून बाजूला पडणार हे मला आधीच दिसत होतं. मी वाद नोंदवला आणि प्रकरण चौकशीला पाठवलं.

ह्या काळात मी भेटेल त्याला एक भाषण देत असे. मोबाईलने समाजाची कशी वाट लावली. अर्धं ऐकायचं, पंधरा सेकंद कापायचं आणि पुढे ढकलायचं. माझं बोलणं कापलं म्हणून एका बाईचं झाड गेलं. शेजारच्या दोन गावांतही त्याच क्लिपवरून झाडं पडली होती, एक चिंच आणि तीन-चार लिंब. ज्या भागात उन्हाळ्यात टँकर येतो तिथे लोक आकाशातल्या कॅमेऱ्याला घर दिसावं म्हणून झाडं तोडतात, हे मी सोनईला नातेवाइकांना सांगायचो तेव्हा त्यांना खरं वाटायचं नाही. पूर्वी जमीन बघून नकाशा करायचो, आता नकाशा नीट यावा म्हणून लोक जमीन बदलतात, असं मी म्हणायचो. हे वाक्यही मला आवडायचं.

मोठ्या साहेबांनी झाडांच्या बाबतीत माझा लेखी खुलासा मागवला. मी दिला. 'सभेत मी संपूर्ण माहिती दिली होती. तथापि माझे अर्धे वाक्य कापून प्रसारित करण्यात आले.' खाली सही.

चौकशीच्या आठ दिवस आधी जाधव मॅडम पाथर्डीला भेटल्या.

"सर, झाडाचा पुरावा पाहिजे ना? माझ्याकडे सभेचा पूर्ण व्हिडिओ आहे. ॲपवर टाकावा लागतो म्हणून काढला होता. लिंबाखालीच होतो ना आपण."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना तिथेच उसाचा रस पाजला. त्यांनी व्हिडिओ पाठवला. चार मिनिटांचा. मी ऑफिसच्या मागच्या बाकावर बसून लावला. मी बोलतोय, आणि माझ्या मागे लिंब. पण नुसतं खोड आणि थोडी पानं. घर कुठेच दिसत नाही, त्यामुळे झाड घरापासून किती लांब होतं ते कळत नाही. शेवटच्या काही सेकंदांत मात्र मी चालत बाजूला जातो, मॅडमचा मोबाईल माझ्यामागे फिरतो, आणि एकाच चौकटीत हौसाबाईंचं दार येतं, अंगण येतं आणि माझ्याआडून अर्धामुर्धा लिंब येतो. पुराव्याला पाहिजे तसं.

मग मी तो आवाज लावून पाहिला.

मागून प्रश्न येतो. मी म्हणतो, पानात डोकं घालून बघत नाही, झाडाखालचं दिसणार नाही. लोक हसतात. फोन वाजतो. मी खिशातून फोन काढतो, म्हणतो, "आलो साहेब, आलो," आणि चालायला लागतो. व्हिडिओ संपतो.

टेपचं मी बोललोच नव्हतो.

तीनदा पाहिला. कुठेतरी पुटपुटलो असेन, जाता जाता म्हणालो असेन. नाही. पंधरा सेकंदांच्या त्या क्लिपमध्ये माझं काहीच कापलेलं नव्हतं. मी बोललो होतो ते सगळं त्यात होतं. ज्याने ती फिरवली त्याने वर मथळा भडक लिहिला होता, एवढाच त्याचा गुन्हा. बाकी सगळा माझा. आणि मी सही करून खोटं लिहून दिलं होतं, तेही खरं आहे असं समजून.

आता पुढचं सांगायला लाज वाटते. मी तो व्हिडिओ कापला. शेवटचे दहाच सेकंद, आवाजाशिवाय. मी चालतोय, दार, अंगण, झाड. पुराव्याला तेवढं पुरेसं होतं. कापायला दोन बोटं लागली. दोन दिवस ते दहा सेकंद माझ्या मोबाईलमध्ये होते. महिनाभर जी भाषणं ठोकली होती ती एकेक आठवत होती. तिसऱ्या दिवशी ते पुसले आणि चार मिनिटांचा व्हिडिओ जसाच्या तसा चौकशीत दिला. ह्यात शौर्य नाही. बाळासाहेबांचा वकील आधीचं कुठंय विचारेल, ही भीतीही होतीच.

चौकशी मोठ्या साहेबांपुढेच होती. त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवून व्हिडिओ मोठ्याने लावला. हौसाबाई, बाळासाहेब, वकील, मॅडम, सगळे वाकून बघत होते. फोन वाजला. "आलो साहेब, आलो." तो फोन कुणाचा होता हे साहेबांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमच्या खुलाशात तर वेगळं लिहिलंय."

"हो साहेब. ते चुकीचं आहे."

"बरं." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

वकील म्हणाला, झाड होतं हे दिसतं, मान्य. पण झाडापर्यंतची जागा बाईंची, असं व्हिडिओत कुठे दिसतं? झाड तर बाळासाहेबांनीच काढलं. दुसऱ्याच्या हद्दीतलं झाड कुणी आपल्या खर्चाने काढेल का? त्यांचंच असणार म्हणून काढलं.

हौसाबाई वकिलाकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला नव्हता, त्यांना ते बोलणं कळतच नव्हतं. "अहो, त्यानं मदत केली," त्या म्हणाल्या. "मीच हो म्हन्ले."

निकाल महिन्याने लागला. घर हौसाबाईंचं. चुन्याची रेघ रद्द. आणि अंगण दोघांचं सामायिक. आमच्या खात्यात हा शब्द शहाणपणाचा समजतात. कुणी हरत नाही, अपील होत नाही, प्रकरण निकाली निघतं आणि तालुका यादीत वर सरकतो. माझ्या सर्व्हिस बुकात 'खुलासा असमाधानकारक' असा शेरा पडला. तो योग्यच होता.

रिटायर व्हायच्या आधी शेवटच्या काही पत्रिका मी स्वतः वाटल्या. हौसाबाईंची त्यात होती. उन्हाळा होता. अंगणात, सामायिक जागेत, जेसीबी उभा होता. त्याचा पुढचा दात दारापासून हातभर अंतरावर. मी आत गेलो. घरात बसवत नव्हतं, पत्रा वरून आग ओकत होता. आधी ह्या घरात पंखा नव्हता. आता टेबलफॅन होता आणि तो गरम हवा फेकत होता. भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोखाली त्यांनी पत्रिका ठेवली, हात जोडले. मग मला पाणी दिलं, त्याच तांब्यातून.

मी त्यांना म्हणालो, "मावशी, झाड कापायची गरज नव्हती. घर टेपने मोजणारच होतो. मी त्या दिवशी सांगायला विसरलो."

त्यांनी तांब्या उचलून कोपऱ्यात ठेवला. "मॅडम म्हन्ल्या मला," त्या म्हणाल्या. "तवाच कळलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाल्या, "साहेब, त्या व्हिडिओत आमचा लिंब हाय म्हनं. त्या दिशी हापिसात सगळे वाकले हुते, मला नीट दिसला न्हाई. दावता का?"

मी मोबाईल काढला. चार मिनिटं त्या बघत होत्या. मी काय बोलतोय तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. माझ्या खांद्यावरून, कानामागून जेवढं खोड आणि जेवढी पानं दिसत होती तिकडे बघत होत्या. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितला. मग बोटाने पडद्यावर मला जरा बाजूला सारायचा प्रयत्न केला. व्हिडिओ थांबला.

"तुमी जरा सरकून उभे ऱ्हायले असते," त्या म्हणाल्या, "तं पुरा दिसला असता."

व्हिडिओ त्यांच्या मोबाईलवर पाठवला आणि निघालो.

आता नव्या भूकरमापकांच्या ट्रेनिंगला मला कधीकधी बोलावतात. ड्रोनबद्दल, सॉफ्टवेअरबद्दल सांगायला माझ्यापेक्षा हुशार लोक असतात. मी दहा मिनिटं बोलतो. गावात गेल्यावर आधी टेप दाखवा, ड्रोनचं नंतर बोला. सभेत फोन बंद ठेवा, साहेबांचा असला तरी. आणि झाडासमोर उभे राहू नका, बाजूला उभे राहा.

शेवटच्या वाक्याला पोरं हसतात. पूर्वी मला हशा आवडायचा.